वहिनी, तू म्हणाली होतीस इंजिन तापलंय

वहिनी, काल तुझं तेरावं झालं. इतके दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. वाणगावहून आले, आशागडहून आले, माझ्या शाळेतल्या बाया आल्या, आणि उठताना प्रत्येकानं एकच वाक्य ठेवून दिलं, "फार सोशिक होती हो बिचारी." मी वर वर मान डोलावली आणि आतल्या आत चरफडले. सोशिक? तू? जिनं भर अंगणात पदर खोचून सासऱ्याच्या डोळ्यांदेखत गाडीच्या इंजिनाला पाना लावला, ती सोशिक? पण सुतकात पाहुण्यांशी भांडता येत नाही. म्हणून आज तुझ्याशीच बोलत बसले आहे.

वयानं तू मोठी, तरी शेवटपर्यंत मला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणत राहिलीस. मी तुझी धाकटी नणंद, तुला बेलाशक 'तू' म्हणत आले. शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातही 'असं का' आणि 'कशावरून' विचारल्याशिवाय मला घास उतरत नाही. तू म्हणायचीस, "वन्सं, देवानं तुम्हाला नाक दिलं ते श्वास घ्यायला. तुम्ही ते सगळीकडे खुपसता." खरं आहे. पण त्या गाडीच्या काट्यात मी नाक खुपसलं नसतं तर काय झालं असतं, हे तुलाही ठाऊक होतं.

ती गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून घेतली. चिकूच्या पेट्या डहाणू रोड स्टेशनवर पोचवायला घेतली असं ते सांगायचे. खरं कारण मिरवणं. ड्रायव्हर मध्येच सुरतेला निघून गेला. दादाचा चष्मा असा जाड, की समोरची म्हैस हंबरल्यावरच त्याला दिसायची. गाडी गोठ्याशेजारी धूळ खात पडली. एका दुपारी अण्णांच्या पानात आमटी वाढता वाढता तू म्हणालीस, "मी शिकले तर?" अण्णांचा घास हातातच राहिला. "शीक म्हणावं," ते पानाकडे बघून म्हणाले. तू गंमत करतेयस असं त्यांना वाटलं असणार.

तू शिकलीस ती डहाणूच्या किनाऱ्यावर, ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. दादा म्हणाला होता, "इथं धडकायला फक्त समुद्र आहे, बिनधास्त चालव." सुरूच्या झाडांखाली कोळणी मासळी वाळत घालायचं सोडून तुला बघत उभ्या राहायच्या. मी मागच्या सीटवर देवाचं नाव घेत बसलेली असायचे. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला ते शोभत नाही, पण तू वळणं फार जोरात घ्यायचीस.

तुझ्या शिकण्यामागचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. तलासरीच्या बाजूला तुझं माहेर. आई अर्धांगवायूनं खाटेवर, पाठीला भाऊ नाही. शेजारची एक बाई भात भरवायची, पण आईला न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, पाठीला तेल चोळायचं, हे तुझ्याशिवाय कोण करणार? तिकडे जाणारी प्रवासी मोटार असायची कधी, कधी नसायची. गाडी हातात आल्यापासून दर गुरुवारी तू पेट्या स्टेशनवर टाकून तशीच पुढे निघायचीस. आशागड, गंजाड करत हमरस्त्याला लागायचं, तिथून तलासरी, आणि दिवेलागणीच्या आत परत. आईच्या डोक्याला लावलेल्या माक्याच्या तेलाचा वास तुझ्या हातांना शुक्रवारपर्यंत यायचा.

मग त्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली.

गंजाडच्या पुढच्या चढावर पहिल्यांदा झालं. बॉनेटमधून वाफ, शिट्टीसारखा आवाज, आणि गाडी ठप्प. जवळच्या पाड्यावरच्या एका बाईनं हंडाभर पाणी आणून दिलं, ते ओतून तू कशीबशी घरी आलीस. अण्णा अंगणातच उभे होते.

"काटा बघत नव्हतीस?" त्यांनी विचारलं. चालवणाऱ्याच्या समोर इंजिनातल्या पाण्याचा ताप दाखवणारी तबकडी होती, तिचा काटा लाल खुणेकडे गेला की गाडी थांबवायची, हे त्यांनी तुला पहिल्या दिवशी बजावलं होतं.

"बघत होते, अण्णा. काटा खालीच होता. थंड दाखवत होता."

अण्णा दार उघडून आत बसले, तबकडीकडे पाहिलं आणि मला हाक मारली. काटा लाल खुणेच्या अलीकडे उभा होता. "बघ, इंदू. हा काय खाली आहे?"

दुसऱ्या गुरुवारी तेच, तिसऱ्या गुरुवारी तेच. वाटेत तुला काटा थंड दिसायचा आणि घरी अण्णांना गरम. अण्णांनी डहाणू रोडच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पंख्याचा पट्टा ओढून पाहिला, गाडी जागच्या जागी चालू ठेवली, बिडी पेटवली आणि काट्याकडे बघत बसला. बिडी संपेपर्यंत काटा हळूहळू वर सरकला. "काटो तर बराबर छे, शेठ," तो म्हणाला. "काम करतो. बाई गिअर बदलायला चुकते बघा. खालच्या गिअरमध्ये ओढत नेली की गाडी तापणारच."

झालं. अण्णांना हवं होतं ते मिळालं. ते काही दुष्ट नव्हते, हे तूही मानायचीस. पण बाई गाडी चालवते म्हणून गावात लोक जे बोलत ते त्यांच्या कानावर जायचं, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. "यंत्र खोटं बोलत नाही, सूनबाई," ते म्हणाले. "माणूस बोलतो. आणखी एकदा ही वाटेत उभी राहिली तर गिऱ्हाईक बघून विकून टाकीन."

तू स्वयंपाकघरात येऊन पीठ मळायला घेतलंस. पीठ भिजल्यावरही मळतच राहिलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आईला बाकी काही कळत नाही, वन्सं. पण गुरुवार कळतो." थोड्या वेळानं म्हणालीस, "आणि मी खोटं बोलत नाही."

मला तुझी दया आली असती तर तुला आवडलं नसतं. मला आलं ते कुतूहल. अण्णा खोटं बोलत नव्हते, काटा वर होता हे मीच पाहिलं होतं. तू खोटं बोलशील हेही मला पटेना. कारण तुला खोटं जमायचंच नाही, चहात साखर विसरली तरी तुझा चेहरा सांगायचा. मग दोघंही खरं बोलत असाल तर? एकच काटा एकाला थंड आणि दुसऱ्याला गरम कसा दिसेल? दोघांमध्ये फरक होता तो फक्त वेळेचा. तू बघायचीस गाडी उकळताना आणि ते बघायचे नंतर.

पुढच्या गुरुवारी मी शाळेतून रजा घेतली आणि तुझ्या शेजारी बसले. पाण्याची कळशी पायाशी. गंजाड मागे पडलं, चढ लागला. मी डोळे त्या काट्यावरून हलवले नाहीत. तुझे गिअर मला काही चुकीचे वाटले नाहीत, म्हणजे मला त्यातलं किती कळत होतं म्हणा. बॉनेटमधून वाफेचा पहिला धागा निघाला तेव्हा काटा निवांत खाली होता, दुपारचं जेवून पडल्यासारखा.

"बघा," तू म्हणालीस. माझ्याआधी तुझ्या बाजूनं साक्ष द्यायला कोणी नव्हतंच.

तू गाडी सावलीला घेतलीस आणि घाईनं कळशी उचललीस. मी तुझा हात धरला. "थांब. काही करू नको. नुसतं बघू या." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मला ऊन लागलं आहे. पण बसलीस. वाफ कमी झाली, शिट्टी थांबली, एक कावळा बॉनेटवर बसला आणि चटका बसल्यावर उडाला. आणि मग, सगळं शांत होत आलं तेव्हा, काटा हलला. हळूहळू वर चढत लाल खुणेला जाऊन टेकला.

आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. काटा खोटं बोलत नव्हता. उशिरा बोलत होता.

"म्हणजे हा आपल्या अण्णांसारखा झाला," तू म्हणालीस. "त्यांना नाही का विनोद दुसऱ्या दिवशी कळतो?" त्या उन्हात, भर रस्त्यावर, आपण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पाड्यावरची ती बाई नेहमीसारखा हंडा घेऊन आली आणि आपल्याला बघून म्हणाली, "काय झाला बाय? गाडी हसवते का तुम्हाला?"

पण घरी सांगून काय उपयोग? पुन्हा वाटेत थांबलो हे कळलं असतं, तर अण्णांनी गाडीच विकली असती. सांगणारी तू आणि तुझ्या बाजूची मी. अण्णांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, हे दोघींनाही कळत होतं. रविवारी सकाळी गाडी थंड असताना तू अंगणात पदर खोचलास आणि बॉनेट उघडलंस. त्या काट्याची रचना मी शाळेतल्या एका पुस्तकात वाचून ठेवली होती. इंजिनाच्या डोक्यात पाण्यात बुडालेलं पितळेचं बोटाएवढं टोक असतं. त्यातून एक तांब्याची नळी, दोऱ्यासारखी बारीक, थेट तबकडीपर्यंत जाते. टोक तापलं की काटा हलतो. नळीला पीळ पडला तर सगळा खेळ संपला, म्हणून ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि तू पाना फिरवलास.

आवाज ऐकून अण्णा झोपाळ्यावरून उठून आले. "हे काय चालवलंय? मिस्त्रीला बोलवा!"

"अण्णा, तुम्ही फक्त आत बसून काटा बघा आणि काय दिसतं ते मोठ्यानं सांगा," मी म्हणाले. "बाकी आम्ही बघतो." त्यांना काटा बघायचं काम दिलं होतं, ते नाही म्हणणार नव्हते. मोठ्या ऐटीत आत जाऊन बसले.

तू शेगडी उचलून गाडीपाशी आणलीस. वर पातेल्यात पाणी खळखळ उकळत होतं. पितळेचं टोक बाहेर आलं तेव्हा ते पितळेचं दिसतच नव्हतं, त्यावर काळपट चकचकीत पुट चढलं होतं. तसंच ते आपण उकळत्या पाण्यात धरलं.

"काय दिसतं, अण्णा?"

"काही नाही. खाली आहे."

"आता?"

"अगो, खालीच आहे. पाणी उकळलंय ना नीट?"

"उकळतंय, अण्णा," तू म्हणालीस. "भात शिजेल इतकं."

गाडीतून बराच वेळ आवाज आला नाही. मग, "हलला. थोडासा हलला," असं जरा खालच्या सुरात ऐकू आलं.

तू टोक बाहेर काढून सुरीच्या पाठीनं ते पुट खरवडलंस. मऊसर, चिकट ढलपी निघाली. मी ती बोटावर घेऊन वास घेतला, आणि मग, वहिनी, मी ती जिभेवर ठेवली. तू "शी!" करून ओरडलीस. करपट लागलं, गंजाचं लागलं, पण त्याच्या मागून जी चव आली ती ओळखायला मला पुस्तक लागलं नाही. आपल्या भागात ती कोणाला कळणार नाही? तो ताडगूळ होता.

तेव्हा मला एकदम ते मुंगळे आठवले. महिनाभर बॉनेटवर मुंगळ्यांची रांग लागायची. ते का चढतात असं मी विचारलं होतं, तर चिकूच्या पेट्यांमुळे, असं तू म्हणाली होतीस आणि मी ते मानून घेतलं होतं.

"गूळ!" मी ओरडले. "इंजिनात गूळ आहे!"

तू टोक लखलखीत पुसून पुन्हा पाण्यात धरलंस. पुढचा आवाज गाडीतून आला तो अण्णांचा आहे असं वाटेना. "लाल!" ते म्हणाले. "एकदम लाल झाला!" मग दार उघडलं. अण्णा पायरीवर पाय ठेवून तसेच बसून राहिले. पातेल्याकडे बघत, तुझ्याकडे न बघता म्हणाले, "नीरा."

हळूहळू सगळं बाहेर आलं. उन्हाळा सुरू झाला तसा पहाटे नीरा केंद्रावरून लोटा यायचा. अंगातली उष्णता कमी व्हायला अण्णा सकाळी सकाळी नीरा घ्यायचे. एकदा गाडी जरा गरम झालेली दिसली, तेव्हापासून लोट्यातली निम्मी नीरा ते रेडिएटरमध्ये ओतत होते, आपण उठायच्या आत. गाडीची तब्येत सुधारावी म्हणून.

"थंड असते ना ती," ते म्हणाले. "माणसाला मानवते, मग यंत्राला का नाही मानवणार?"

उकळून उकळून नीरेचा जो गूळ कढईत होतो, तोच तुझ्या गाडीत होत होता. पाण्याच्या वाटा त्यानं चोंदत होत्या, म्हणून इंजिन खरंच तापत होतं. आणि काट्याच्या टोकावर त्याचा लेप बसला होता, म्हणून तुला ते वेळेवर कळत नव्हतं. ज्यांनी ओतली तेच तुला विचारत होते, काटा बघत नव्हतीस का म्हणून.

मला वाटलं तू आता बोलशील. बोलायचा पूर्ण हक्क होता तुला. तू पातेलं उतरवलंस, शेगडी उचललीस आणि म्हणालीस, "चहा टाकते." अंगणात मी आणि अण्णा उरलो. आतून भांड्यांचा जरा जास्तच आवाज येत होता.

इथून आपल्या दोघींचं भांडण सुरू झालं, आणि ते तू अर्धवट टाकून गेलीस. गाडी विकायची गोष्ट अण्णांनी पुन्हा काढली नाही. मिस्त्रीकडून रेडिएटर गरम पाण्यानं धुऊन घेतला, तर अंगणभर चहासारखं पाणी वाहिलं. पुढच्या गुरुवारी तू निघायच्या आधी अण्णांनी स्वतः पाटलांच्या विहिरीवरून पाणी आणून भरलं, समोरची काच पुसली, आणि फाटकापर्यंत गाडीच्या मागे चालत गेले. मी म्हणाले, ही माफीच आहे. तू म्हणालीस, "त्यांनी गाडीची माफी मागितली, वन्सं. माझी नाही." मी म्हणायचे, त्या पिढीच्या पुरुषाला याहून जास्त जमत नाही. तू म्हणायचीस, "दोन शब्द आहेत. 'तुझं बरोबर'. त्याला पिढी कशाला लागते?" पापड लाटताना, चिकू निवडताना, अगदी बाजारातून येतानासुद्धा हा वाद निघायचा. मी नवीन मुद्दा आणायचे, तू तेच दोन शब्द पुढे करायचीस.

मला खरं तर तुझंच पटायचं. पण ते कबूल केलं असतं तर बोलायला काय उरलं असतं?

तुझी आई पुढच्या थंडीत गेली, गुरुवारीच, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून. केस नुकतेच विंचरून झाले होते. तू परत आलीस ती एकटी गाडी चालवत, आणि अंगणात उतरल्यावर कितीतरी वेळ दाराला धरून उभी राहिलीस. ती गाडी विकली असती तर आज काय, एवढाच विचार माझ्या मनात होता, आणि त्यासाठी मी देवाचे आभार मानले. देव मानत नसताना.

गेल्या वर्षी तुझ्या कुशीत दुखायला लागलं. तू दोनदा सांगितलंस, म्हणजे बाकीच्यांनी दहादा सांगितल्यासारखं. डॉक्टर घरी आले. ताप नाही, नाडी ठीक, रक्तदाब ठीक. त्यांनी इंजेक्शन दिलं, तू डोळे मिटून पडलीस, आणि ते दादाला म्हणाले, "काळजीचं कारण नाही. वायू आहे. बायकांच्या मनाचंही असतं थोडं." दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. माझाही उतरला असावा. ठीक आहे हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं.

तेव्हा दारातून काठीचा आवाज आला. अण्णा. ऐंशी ओलांडलेले, कानानं जड, त्यामुळे मोठ्यानं बोलणारे.

"डॉक्टर, ती दुखतं म्हणते ना? मग दुखतं. ती उगाच बोलत नाही. मागे एकदा मी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिचं बरोबर होतं." मग दादाकडे वळून म्हणाले, "मुंबईला न्या तिला. आज."

आम्ही नेलं. तिथल्या डॉक्टरांना आत जे सापडलं ते पाहून ते म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं, पण बरं झालं आणलंत. शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे आम्हाला तुझं आणखी एक वर्ष मिळालं. तू चिकूचा आणखी एक हंगाम पाहिलास, मला आणखी एकदा किनाऱ्यावर नेलंस, आणि आणखी एकदा वळण फार जोरात घेतलंस.

अण्णा ते बोलले तेव्हा तू जागी होतीस का? तुझे डोळे मिटलेले होते, पण तू डोळे मिटून सगळं ऐकणारी. पुढे वर्षभर तू त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. मी विचारलं नाही. कित्येकदा प्रश्न ओठांवर आला. सगळं आयुष्य मी प्रश्न विचारत आले आणि हाच एक गिळत राहिले. तू हो म्हणाली असतीस तर आपलं भांडण मिटलं असतं. तू नाही म्हणाली असतीस तर अण्णांना ते पुन्हा बोलावं लागलं असतं, आणि तेवढं बळ त्यांच्यात उरलं आहे का, ते मला ठाऊक नव्हतं.

आज सकाळी घर रिकामं झाल्यावर त्यांनी मला झोपाळ्यापाशी बोलावलं. बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "इंदू, त्या दिवशी मी डॉक्टरांना म्हणालो, ते तिनं ऐकलं होतं का गो?"

"हो, अण्णा," मी म्हणाले. "ऐकलं होतं."

"मग काय म्हणाली?"

"हसली."

त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. काही न तपासता, काही न पडताळता मी हे बोलले आहे, वहिनी. आता एवढ्यापुरती तरी मला खोटी पाडू नकोस.